मागच्या खोलीचा व्हॉल्व्ह

प्लाउएन,
रविवार, १३ ऑक्टोबर २०१९

प्रिय एकार्ट,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच बाजूला टाकलं नसशील, असं धरून लिहितेय. इकडे थंडी यंदा लवकर आली. माझे गुडघे कुरकुरतात, पण चार जिने अजून चढते. या आठवड्यात जिना पुसायची पाळी माझी आहे आणि शेजारच्या ट्रोगरबाई अजूनही माझ्या मागून येऊन कठड्यावर बोट फिरवून बघतात. त्या बाईत काही फरक पडायचा नाही.

तुझ्या लेकीचा, वीबकेचा, फोन आला होता. तुला ठाऊक नसेल तर माझ्यामुळे कळलं म्हणून तिच्यावर ओरडू नकोस. तिच्या मुलीला, स्वेन्याला, इथल्या इस्पितळाच्या नर्सिंग शाळेत जागा मिळाली, पण राहायला खोली मिळेना. पोरगी महिनाभर कुणा मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपतेय. वीबके चाचरत म्हणाली, "आत्या, तुमची मागची खोली रिकामी असते ना? एक डिसेंबरपासून?" मी म्हटलं, असते, पाठव. फोन ठेवला आणि किल्ली शोधून ती खोली उघडली.

खोली रिकामी आहे हे खरं. पण तिथला गरम पाण्याचा रेडिएटर तापत नाही. व्हॉल्व्हची मूठ पाचवर, म्हणजे पूर्ण उघडी, फिरवली तरी लोखंड थंडगार. खालून येणाऱ्या पाइपला मात्र हात लावला तर चटका बसतो. बाकीच्या खोल्यांतले रेडिएटर व्यवस्थित आहेत. कॉलनीच्या ऑफिसात फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "आजी, या दिवसांत सगळ्यांचेच व्हॉल्व्ह अडकतात. आमचा माणूस जानेवारीत येईल." जानेवारीत! तोवर पोरीने काय कोट घालून झोपायचं?

खालच्या मजल्यावरचे हार्टविग हातोडी घेऊन वर यायला तयारच होते. "एक ठोका घालतो, काम फत्ते." या गृहस्थांनी गेल्या वर्षी स्वतःचं वॉशिंग मशीन असंच फत्ते केलं. मी म्हटलं, राहू द्या, माझा भाऊ याच कामातला आहे.

बोलून गेले आणि मग लक्षात आलं. जवळजवळ दोन वर्षांत मी कुणासमोर तुझा विषय काढला नव्हता.

हे व्हॉल्व्ह तूच बसवलेस, त्र्याण्णव साली. त्याआधी आपल्याकडे रेडिएटरने उकडलं की खिडकी उघडायची, एवढाच उपाय होता. तू काम करून तिकडे उत्तरेला हूसुमला परत गेलास आणि आई पंधरा दिवस शेजारणींना घरात बोलावून मूठ फिरवून दाखवत होती. "माझ्या एकीने, माझ्या एकार्टने बसवलंय. हवं तेवढं कमी, हवं तेवढं जास्त." तेव्हा तूच सांग, अडकलेला व्हॉल्व्ह घरच्या घरी मोकळा करता येतो का? मला कळेल असं लिही. भरतकामाच्या कारखान्यात मी अडतीस वर्षं माल तपासला आहे, हात अजून थरथरत नाहीत.

आईच्या दफनानंतर कॉफीच्या टेबलावर मी सगळ्या नातेवाइकांदेखत तुला जे बोलले, त्याबद्दल आज काही लिहीत नाही. लिहायचंच नाही असं नाही. आधी ती खोली गरम व्हायला हवी.

माझ्यासाठी नको, स्वेन्यासाठी तरी उत्तर दे.

इर्मा

---

प्लाउएन,
रविवार, ३ नोव्हेंबर २०१९

प्रिय एकार्ट,

तुझं पत्र मिळालं. वर "इर्मा," खाली "ए." आणि मधे एक ते सात आकडे घालून सूचना. तब्येत कशी, पाऊस कसा, एक अक्षर नाही. वाचताना तुझा राग समजत होता. पण पाचव्या आकड्याशी तू लिहिलं आहेस, "पिन पकडीने ओढायची नाही. ओढलीस तर पिन हातात येईल, खोलीभर काळं पाणी होईल, आणि मग खुशाल हार्टविगना बोलाव." हे वाचून मी एकटीच हसले रे. किती दिवसांनी.

काल सकाळी काम काढलं. खिडकीखाली ओढलेलं कपड्यांचं खोकं बाजूला केलं, पडदा वर बांधला. तू सांगितलंस तशी मूठ आधी पाचवर नेली. मुठीखालची रिंग हाताने फिरेना, तेव्हा तिच्यावर फडकं गुंडाळून पाना लावला. सुटली. मूठ हातात आली आणि आत ती पिन दिसली. केवढीशी! मला वाटलं होतं आत मोठी यंत्रणा असेल. शिवणाच्या जाड सुईपेक्षा थोडी जाड, आणि पार आत रुतून बसलेली. तू म्हणालास की चांगली पिन दाबली की स्प्रिंगने परत वर येते. ही हलायला तयार नव्हती.

तेलाचा एक थेंब सोडला. थोडा वेळ थांबले. मग पान्याच्या बाजूने हलकेच टकटक केलं, पिनवर नाही, व्हॉल्व्हच्या अंगावर. तू लिहिलंस ना, "पिनला मारायचं नाही, तिला जागं करायचं," तसंच. मग लाकडी चमच्याच्या दांड्याने दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. किती वेळ कुणास ठाऊक. जमिनीवर बसून पाय बधिर झाले होते. एकदम दांड्याखाली काहीतरी सरकलं आणि पिन माझ्या हाताला ढकलून वर आली. पाइपमधून पाणी वाहिल्याचा आवाज आला.

मी रेडिएटरवर हात ठेवून बसले. आधी वरची कड कोमट झाली, मग मधला भाग. घड्याळात बघत होते. दहा मिनिटांत हात ठेववेना इतका तापला.

दहा मिनिटं, एकार्ट. एक थेंब तेल आणि एक लाकडी चमचा.

आता मला जे लिहायचं आहे ते या खोलीत बसूनच लिहिते. ही आईची खोली, हे तुला सांगायला नको. मी पहिल्या पत्रात "मागची खोली" लिहिलं, कारण दुसरं नाव कागदावर उतरेना.

ही पिन यंदा अडकली नव्हती. आईच्या शेवटच्या हिवाळ्यात ती अडकलेलीच होती.

तू व्हॉल्व्ह बसवलेस तेव्हा बजावलं होतंस, "ताई, उन्हाळ्यात सगळे पूर्ण उघडे ठेवायचे, पाचवर. बंद ठेवलेस तर पिन चिकटते." मी हो म्हटलं आणि मनात म्हटलं, याला वेड लागलंय. भर उन्हाळ्यात हीटर पाचवर? आपल्या घरात खोलीत कुणी नसताना दिवा जळत राहिला तर बाबांचा हात उठायचा. मी दर मे महिन्यात घरातला प्रत्येक व्हॉल्व्ह घट्ट पिळून बंद करत आले. चोवीस वर्षं काही झालं नाही. पंचविसाव्या वर्षी आईचाच चिकटला.

ऑक्टोबरपासून ती म्हणत होती, "पोरी, इथे गारठा आहे गं." मी मूठ बघायची. पाचवर. पाइपला हात लावायची. गरम. "आई, आहे की चालू. तुझं रक्त पातळ झालंय." एक्क्याण्णव वर्षांची बाई, मला कधी मावशीच्या नावाने हाक मारायची, कधी बाबा कामावरून आले का विचारायची. त्यातलंच हेही, असं मी धरलं. मी तिला दोन स्वेटर घातले, वर शाल, पायाशी गरम पाण्याची पिशवी. सगळं केलं. फक्त पडद्यामागे हात घालून लोखंड चाचपलं नाही.

एकोणीस नोव्हेंबरला तिच्या वाढदिवसाला तू फोन केलास. तिने तुला सांगितलं, "एकी, तुझा रेडिएटर तापत नाही रे." मग तू मला फोनवर बोलावलंस. आठवतं ना?

"ताई, मूठ काढून पिन बघ. पाच मिनिटांचं काम आहे."

"तू सातशे किलोमीटरवर बसून मला शिकवू नकोस."

"शिकवत नाहीये. आई म्हणते म्हणून..."

"आई म्हणते बाबा कामावर गेलेत! इथे नऊ वर्षं मी करतेय तिचं. तुला एवढी काळजी असेल तर ये आणि बघ तुझी पिन."

आणि मी फोन आपटला. त्या दिवसानंतर तिचा रेडिएटर बघणं म्हणजे तुझं ऐकणं झालं असतं, म्हणून मी बघितला नाही. यापेक्षा मोठं कारण शोधलं, सापडत नाही.

जानेवारीत न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाल्या, या वयात निमित्त लागत नाही. असेलही. मे महिन्यात रेडिएटरवरचे मीटर वाचायला माणूस आला, दर वर्षी येतो तसा. तिच्या खोलीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "शून्य. वर्षभरात एक आकडासुद्धा नाही. बाई, ही खोली कुणी वापरत नव्हतं वाटतं?"

मी म्हटलं, "नाही. कुणी राहत नव्हतं तिथे."

असं म्हणाले मी. तो गेल्यावर खोलीला कुलूप घातलं, ते वीबकेच्या फोननंतरच उघडलं.

आणि हे सगळं माहीत नसताना, आईला मातीत ठेवून आल्यावर, मी मावशी, तिचा मुलगा लोटार, त्याची बायको, सगळ्यांसमोर म्हणाले होते की आईसाठी तिच्या मुलाला सवड नव्हती. माहीत झाल्यावर तरी तुला कळवायचं. तेही दीड वर्ष केलं नाही. मावशीला आणि लोटारला आज हेच कळवणारी वेगळी पत्रं लिहून ठेवली आहेत, उद्या टाकते.

स्वेन्याची बॅग या खोलीत यायच्या आधी इथे काय झालं ते तुला कळायला हवं होतं. आता तिला पाठवायचं की नाही ते तू ठरव. नको म्हणालास तर वीबकेला मी सांगेन की माझीच तब्येत बरी नाही.

खोली गरम आहे.

तुझी ताई,
इर्मा

---

प्लाउएन,
मृतांचा रविवार, २४ नोव्हेंबर २०१९

प्रिय एकी,

आजच्या दिवशी सगळे जातात तशी सकाळी दफनभूमीत जाऊन आले. आई-बाबांच्या जागेवर फरच्या झाडाच्या फांद्या नीट एकावर एक लावून दिल्या, हिवाळाभर टिकतील. मावशी भेटली. माझं पत्र तिला मिळालं होतं. फांद्या लावायला ती माझ्या शेजारी वाकली. लोटारचं उत्तर नाही.

तुझं पत्र मंगळवारीच आलं. पाच पानं! तू आयुष्यात कुणाला पाच पानं लिहिली नसशील. मी वाचलं, परत पाकिटात घातलं, आणि पाच दिवस त्याच्याभोवती फिरतेय. ट्रोगरबाईंनी जिन्यात गाठून विचारलं, "इर्मा, आजारी आहेस का? पाळी असून जिना पुसला नाहीस." एवढी वेळ आली.

तू लिहिलंस, व्हॉल्व्ह अडकतात, रोज शेकडो अडकतात, तू चाळीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन तेच केलंस. लिहिलंस की दोष तुझा आहे, बसवून गेलास आणि परत कधी तपासायला आला नाहीस. त्या वाढदिवसानंतर गाडी काढून यायला हवं होतं, ते तुझं चुकलं. लिहिलंस, "ताई, तू नऊ वर्षं केलंस, एका पिनेवरून स्वतःला फाशी देऊ नकोस." आणि स्वेन्याला पाठवतो, स्वतः घेऊन येतो, असंही.

एकी, हे वाचताना मला किती हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण पुढे शेवटच्या पानावर तू लिहिलंस की जानेवारीत दोनदा फोन केलास, मी आई झोपली आहे म्हणाले, आणि "निदान मी फोन केल्याचं तिला कळलं असेल, या दोन वर्षांत मी त्याच्यावरच दिवस काढले." आणि खाली विचारलंस, "शेवटी ती माझ्याबद्दल काही म्हणाली का? काहीही असलं तरी सांग."

मी पाच दिवस विचार केला की "हो, तुझी आठवण काढली" एवढंच लिहावं. ते खोटंही नाही. तुझा आधार शाबूत राहील, तू येशील, पोरगी राहील, आपण नाताळला एकत्र जेवू. कुणाला काही कळायचं नाही. कालपर्यंत तसंच लिहिणार होते, कागदही घेतला होता.

पण व्हॉल्व्हचं माझ्या अडाणीपणाने आणि हट्टाने झालं. त्याला तू माफ केलंस. हे दुसरं आहे, आणि यात काही अडकलं नव्हतं. हे सांगितल्याशिवाय तुझ्या नातीला माझ्या छताखाली घेतलं तर रोज तिच्या तोंडाकडे बघून मला जेवण जाणार नाही.

तू पहिला फोन केलास तो सोळा जानेवारीला, मंगळवारी दुपारी. आई जागी होती. मी तिला सूप भरवत होते. फोन पॅसेजमध्ये वाजला, मी जाऊन तुला म्हटलं झोपली आहे, आणि परत येऊन चमचा हातात घेतला. तिने विचारलं, "एकीचा होता का?"

मी म्हटलं, "नाही. चुकीचा नंबर."

का? तुला रेडिएटरचं पुन्हा सांगेल म्हणून, हे एक. आणि दुसरं, तेच खरं कारण. मी तिला धुवायची, पुसायची, चादरी बदलायची, रोज सूप भरवायची, आणि ती त्या सुपाच्या प्रत्येक घोटामागे तुझं विचारायची. माझं नाव मात्र तिला आठवायचं नाही. मला ते सहन होईना. मत्सर म्हणायचं तर म्हण, मी नाही म्हणणार नाही. सत्तरीला आलेली बाई आणि धाकट्या भावाचा मत्सर!

दुसरा फोन एकोणीसला, शुक्रवारी. तेव्हा ती खरंच पडून होती, पण डोळे उघडे होते. मी तुला पुन्हा तेच सांगितलं. आत आले तर तिने हात पुढे केला. श्वास लागत होता, एकेक शब्द सुटा यायचा.

"एकी?"

"नाही, आई."

"फोन नाही केला त्याने?"

"नाही केला."

आता रागावेल, रडेल, निदान माझ्याकडे वळेल असं मला वाटलं. तसं काही झालं नाही. छताकडे बघत ती म्हणाली, अगदी शुद्धीवर, गेल्या कित्येक महिन्यांत बोलली नव्हती इतकं स्पष्ट, "मग त्याला बरं नसणार. तो असा राहत नाही. इर्मा, तू कर ना फोन. विचार त्याला, बरा आहेस ना म्हणून."

माझं नाव घेतलं तिने. मी म्हटलं, "करते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मधल्या वेळात डोळे उघडले की माझ्याकडे बघायची, मी फोन केला का हे विचारत होती ते मला कळत होतं. मी नजर चुकवून उशी सारखी करत राहिले.

म्हणजे तिला कळलं नव्हतं, एकी. तू दोन वर्षं ज्याच्यावर दिवस काढलेस ते मी आज तुझ्याकडून काढून घेते. पण ती तुझ्यावर रुसून गेली नाही. तुझी काळजी करत गेली. तुझ्याबद्दल वाईट विचार तिच्या मनात आलाच नाही. मी खोटं बोलले तेव्हासुद्धा आला नाही.

माफी मागत नाही. तू न मागता एकदा दिलीस, ती मी अर्धं सांगून घेतली होती, ती परत घे. स्वेन्याला आणायचं की नाही, यायचं की नाही, सगळं पुन्हा पहिल्यापासून ठरव. काहीही ठरवलंस तरी मी वीबकेला एक शब्द बोलणार नाही.

फक्त आईने माझ्याकडे एक काम दिलं होतं, ते मी केलं नाही. फोन करायचं धैर्य आजही नाही, म्हणून लिहून विचारते. आईने विचारलंय, एकी, तू बरा आहेस ना?

इर्मा